शांततेचा पाठ आणि पालकाची जागा : 'श्यामची आई', 'दिवास्वप्न' आणि 'तोत्तोचान' यांचा तौलनिक विचार

१

शांततेचे शिक्षण ही संकल्पना आपल्याकडे प्रामुख्याने धोरणपत्रांच्या भाषेतून रूढ झाली. युद्धाचा आरंभ माणसाच्या मनात होतो, म्हणून शांततेची तटबंदीही तिथेच उभारली पाहिजे, हा १९४५ च्या युनेस्कोच्या घटनेतील विचार तिच्या मुळाशी आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या विचाराला भारतीय शालेय शिक्षणात औपचारिक स्थान दिले. 'शांततेसाठी शिक्षण' या विषयावर स्वतंत्र अभ्यासगट नेमला गेला आणि शांतता हा आणखी एक विषय नसून सर्व विषयांना व्यापणारी दृष्टी आहे, अशी भूमिका घेतली गेली. याच काळात दुसरा एक प्रवाह वाहत होता. कर्नाटकात २००१ मध्ये सरकारी शाळांसाठी पालकांचा समावेश असलेल्या शाळा विकास व देखरेख समित्या स्थापन झाल्या. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असे ठरवले.

हे दोन्ही प्रवाह एकत्र वाचले की एक गृहीतक स्पष्ट होते. शाळेने शांतता शिकवावी आणि पालकाने त्या कामी शाळेला साहाय्य करावे, असे हे गृहीतक आहे. त्यात पालक ही एक सिद्ध, सुबोध आणि बहुधा सद्भावी व्यक्ती मानलेली असते. साहित्याचा अनुभव मात्र याहून गुंतागुंतीचा आहे. घर शांततेचे उगमस्थान असू शकते तसे वैराचेही असू शकते. पालक शाळेचा साहाय्यक असतो तसा कधी तिचा विरोधक, कधी तिचा बळी आणि कधी तिच्याआधीचा शिक्षकही असतो.

या संदर्भात भारतीय भाषांतील संज्ञा लक्षणीय आहेत. मराठीत आपण 'पालक' म्हणतो. कन्नडमध्ये शाळेच्या सूचनापत्रात 'पोषक' हा शब्द येतो, हिंदीत 'अभिभावक', गुजरातीत 'वाली'. पालनात रक्षणाची कल्पना मुख्य आहे, पोषणात वाढवण्याची. 'वाली' हा अरबी कुळातला शब्द कायदेशीर जबाबदारी सुचवतो, तर 'अभिभावक' या शब्दाच्या संस्कृत मुळात वरचढ होण्याचा, पराभूत करण्याचा अर्थ दडलेला आहे. मुलाचा मोठ्यांशी असलेला संबंध रक्षणाचा, पोषणाचा, जबाबदारीचा की सत्तेचा, हा प्रश्न अशा रीतीने आपल्या शब्दसंग्रहातच उपस्थित आहे. शांततेच्या शिक्षणाचा कोणताही गंभीर विचार या प्रश्नाला टाळून पुढे जाऊ शकत नाही.

प्रस्तुत निबंधात तीन भाषांतील तीन कृती एकमेकींशेजारी ठेवून वाचावयाच्या आहेत : साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५), गिजुभाई बधेका यांचे १९३० च्या दशकाच्या आरंभीचे गुजराती 'दिवास्वप्न' आणि तेत्सुको कुरोयानागी यांचे मूळ जपानी 'तोत्तोचान' (१९८१). यांपैकी एकही कृती रूढ अर्थाने कादंबरी नाही. पहिली आठवणींची माळ आहे, दुसरी एका काल्पनिक प्रयोगाची रोजनिशी आणि तिसरी आत्मकथन. तिन्ही कृती ललित वाङ्मय आणि शिक्षणविचार यांच्या सीमेवर उभ्या आहेत. त्यामुळेच वाङ्मयसमीक्षेने त्यांना शिक्षणशास्त्राकडे आणि शिक्षणशास्त्राने प्रेरणादायी वाचनाकडे ढकलले. या तिन्हींत घर आणि शाळा यांची मांडणी तीन भिन्न प्रकारे झाली आहे, आणि त्या भिन्नतेतूनच शांततेचा अर्थ पालटतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

'श्यामची आई'चे बरेचसे लेखन फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात झाले. तत्पूर्वी १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. म्हणजे घरापासून दूर राहणाऱ्या मुलांचा पालक होण्याचा अनुभव घेतलेला एक शिक्षक, सत्याग्रही कैदी म्हणून, स्वतःच्या पालकाविषयी लिहीत आहे. या पुस्तकाकडे 'मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र' म्हणून पाहण्याच्या सवयीने, आणि १९५३ च्या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाने त्या सवयीला दिलेल्या दृश्यरूपाने, ही पार्श्वभूमी झाकोळून गेली.

पुस्तकाची रचना पाहावी. आठवणींची प्रकरणे 'रात्री' आहेत. आश्रमातील प्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो. आईचा पाठ मुलाला घरात मिळाला हे खरे, पण तो वाचकापर्यंत पोचतो तो घरातून नव्हे, आश्रमातून. आई हयात नाही, मुलगा प्रौढ आहे, आणि श्रोते कुटुंबाबाहेरचे आहेत. घरातील संस्कार सार्वजनिक मूल्य होण्यासाठी त्याला घराबाहेरच्या एका संस्थेतून जावे लागते, हे या रचनेचे न बोललेले तत्त्व आहे. म्हणून हे पुस्तक घराने शाळेची जागा घ्यावी असे सांगते, हा समज उचित नाही.

शांततेच्या दृष्टीने यातील तीन प्रसंग महत्त्वाचे ठरतात. पहिला अळणी भाजीचा. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचे राहते. वडील ती मुकाट्याने खातात, आणि मुलेही. नंतर आई जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते. कोणी उपदेश करीत नाही. मोठ्या माणसाने आपला राग गिळला, एवढीच घटना आहे, पण मूल ती पाहते. दुसरा प्रसंग मोळीचा. डोक्यावरची मोळी खाली पडलेल्या एका म्हाताऱ्या महार स्त्रीला ती पुन्हा उचलून देण्यासाठी आई श्यामला पाठवते, आणि मग घरी येऊन आंघोळ कर असे सांगते. तिसरा प्रसंग पोहण्याचा. पाण्याच्या भीतीने माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारून बाहेर काढते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. नंतर तीच त्याला जवळ घेते.

हे तीन प्रसंग एकत्र वाचले की आईची प्रतिमा एकसंध राहत नाही. पहिल्यात घर अहिंसेची शाळा आहे. दुसऱ्यात करुणा आणि विटाळ एकाच वाक्यात नांदतात : मोळी उचलण्याची आज्ञा आणि आंघोळीची आज्ञा यांत आईला विसंगती दिसत नाही. तिसऱ्यात माया स्वतःच हिंसेचे रूप घेते. यांवर पांघरूण घालणारे वाचन पुस्तकावर अन्याय करते, आणि यांकडे बोट दाखवून पुस्तक निकालात काढणारे वाचनही तितकाच अन्याय करते. साने गुरुजींनी हे प्रसंग वगळले नाहीत, ही बाब निर्णायक आहे. मोळीच्या प्रसंगातील आंघोळ पुस्तकात तशीच राहिली. पण मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसणारे साने गुरुजी तीच आंघोळ पुसून टाकीत होते, असे म्हणता येईल. आईचा पाठ मुलाने पाळला तो तिच्या मर्यादेपलीकडे नेऊन. पालकाचे शिक्षण मुलात पूर्ण होते, ते आज्ञापालनाने नव्हे तर विस्ताराने, ही या कृतीची शांततेच्या विचाराला दिलेली खरी देणगी होय.

३

'दिवास्वप्न'मध्ये पालकाची जागा नेमकी उलट आहे. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि पुढे ताराबाईंमुळे हा विचार मराठीत व कोकणातील बोर्डी-कोसबाडच्या परिसरात रुजला. मराठी बालशिक्षणाचा हा गुजराती उगम तौलनिक अभ्यासकांनी अधिक लक्ष देण्याजोगा आहे. ज्या माँटेसरी यांच्या विचारांचा गिजुभाईंवर प्रभाव होता, त्यांनी १९३२ पासून युरोपात शांतता आणि शिक्षण या विषयावर व्याख्याने दिली आणि १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या. लहान मुलावर मोठ्यांनी चालवलेले राज्य हे जगातील संघर्षाचे एक मूळ आहे, हे त्यांचे प्रतिपादन. 'दिवास्वप्न' या प्रतिपादनाची भारतीय वर्गातील कथा आहे.

या कथेतील निवेदक शिक्षक एका सरकारी शाळेतील चौथीचा वर्ग वर्षभरासाठी प्रयोग म्हणून मागून घेतो. पहिल्या दिवशी वर्गात गोंधळ माजतो. दंडा न उचलता त्या गोंधळातून वाट कशी काढावी, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर त्याला गोष्टीत सापडते. हे उत्तर वाङ्मयाच्या अभ्यासकाला मोलाचे वाटावे : शांत बसण्याची आज्ञा आणि शांत होण्याची क्रिया यांतील अंतर गोष्ट भरून काढते. पुढे खेळ, वर्ग-वाचनालय, स्वच्छता, नाटक असे प्रयोग होतात.

परंतु निवेदकाची खरी कसोटी वर्गात होत नाही. ती पालकांपुढे होते. तो पालकांची सभा बोलावतो तेव्हा मोजकेच पालक येतात, आणि आलेलेही फार वेळ थांबत नाहीत. क्रमिक पुस्तकांचे पैसे एकत्र करून वर्गाचे वाचनालय करावे, ही कल्पनाही त्यांना सहज पचत नाही. मुले खेळत बसली तर शिकणार कधी, ही शंका घराघरांत आहे. येथे गिजुभाईंची लेखणी विनोदाकडे झुकते, पण त्या विनोदाखाली एक कटू निरीक्षण आहे : भयाने चालणाऱ्या शाळेची मागणी घराकडूनच येत असते. शिक्षकाच्या हातातली छडी ही पुष्कळदा पालकाने दिलेले मुखत्यारपत्र असते.

तरीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. 'दिवास्वप्न' निवेदकाच्या एकट्याच्या आवाजात लिहिले आहे. पालक त्यात समूह म्हणून येतात, व्यक्ती म्हणून क्वचितच. ते सभेला का आले नाहीत, त्यांचा दिवस कसा जातो, त्यांना शाळेची भीती वाटत होती काय, हे प्रश्न कृतीच्या कक्षेत येत नाहीत. पालकाला अज्ञानी मानणारी सुधारणावादी दृष्टी येथे दिसते, आणि आजच्या पालकसभांच्या भाषेतही ती ओसरलेली नाही.

या मर्यादेचे भान मराठी वाचकाला लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) करून देते. कैकाडी समाजातील, गाढवांवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारा बाप मुलाला शाळेत घालण्याचा हट्ट धरतो आणि त्यासाठी जातपंचायतीचा रोष ओढवून घेतो. शाळेतही त्या मुलाच्या वाट्याला अवहेलना येते. येथे पालकाचा सहभाग म्हणजे समितीची बैठक नव्हे. दोन्हीकडून अंगावर येणाऱ्या हिंसेच्या मध्ये उभे राहणे म्हणजे सहभाग. न्यायाच्या प्रश्नाला वगळून शांतता शिकवू पाहणारी शाळा अशा बापाला काय सांगणार, हा प्रश्न 'उपरा' आपल्यापुढे ठेवते. त्याचे उत्तर 'दिवास्वप्न'जवळ नाही, आणि 'श्यामची आई'जवळ अर्धेच आहे.

४

'तोत्तोचान' हे पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठी अनुवादातून आपल्याकडे पोचले. कन्नडसह अन्य भारतीय भाषांतही त्याचे वाचन झाले आणि शिक्षकांच्या पिढ्यांनी त्याला आपलेसे केले. पहिल्याच शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी तोमोए या शाळेत येते. ही शाळा सोसाकु कोबायाशी यांनी १९३७ मध्ये सुरू केली आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यात ती जळून गेली. मधला सारा काळ जपानच्या युद्धाचा आहे. मुलीच्या निवेदनात युद्ध फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी येते, आणि म्हणूनच त्याचा आघात तीव्र होतो.

या कृतीत घर आणि शाळा यांच्यात एक करार आहे, पण तो कोठेही लिहिलेला नाही. डब्याचे उदाहरण घ्यावे. डब्यात काहीतरी समुद्राचे आणि काहीतरी डोंगराचे असावे, एवढीच सूचना मुख्याध्यापक पालकांना देतात. ज्याच्या डब्यात एखादी बाजू कमी असेल, त्याला त्यांच्या पत्नी आपल्या भांड्यातून ती वाढतात. साध्यातली साधी भाजीही या सूचनेत बसते, म्हणून कोणत्याही आईला लाज वाटत नाही आणि कोणत्याही मुलाला बढाई मारता येत नाही. विषमतेवर भाषण न देता तिची नांगी मोडण्याची ही रीत आहे. पालकाकडून काय मागावे आणि कसे मागावे, याचा इतका अचूक धडा कोणत्याही धोरणपत्रात क्वचितच मिळेल.

दुसरे उदाहरण मौनाचे. मुलीला आधीच्या शाळेने काढून टाकले, ही गोष्ट आई तिला वयाची वीस वर्षे होईपर्यंत सांगत नाही. प्रवेशाच्या दिवशी कोबायाशी आईला घरी जायला सांगतात आणि मुलीचे बोलणे तासन्‌तास ऐकतात. अपंग सहाध्यायाला अपमानकारक वाटेल असा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिकेची ते कानउघाडणी करतात, पण चारचौघांत नव्हे. अळणी भाजी मुकाट्याने खाणाऱ्या कोकणातल्या वडिलांशी या मौनांचे नाते स्पष्ट आहे. दोन्ही संस्कृतींत मोठ्या माणसाचा संयम हा शांततेचा पहिला पाठ ठरतो. फरक असा की पालगडच्या घरात हा संयम कुटुंबातील व्यक्तींपुरता आहे, आणि तोमोएमध्ये तो संस्थेचा स्वभाव झाला आहे.

घर येथे शाळेची केवळ री ओढत नाही. एक कोरियन मुलगा तोत्तोचानला 'कोरियन' अशी हाक मारतो, शिवी दिल्यासारखी. ही शिवी त्याने इतरांच्या तोंडून स्वतःसाठी ऐकलेली असते. हा प्रसंग घरी कळल्यावर आई गहिवरते आणि सगळी मुले सारखीच आहेत हे मुलीला समजावते. पुढे युद्धकाळात व्हायोलिनवादक वडिलांना दारूगोळ्याच्या कारखान्यात युद्धगीते वाजवण्याचे निमंत्रण येते. मोबदल्यात साखर आणि खाद्यपदार्थ मिळणार असतात, आणि घरात अन्नाची टंचाई असते. वडील नकार देतात. शाळेत शिकवता न येणारी गोष्ट येथे बाप घरात शिकवतो : काही वेळा शांततेची किंमत जेवणाच्या ताटात मोजावी लागते.

पाण्याचा एक धागा येथे अधोरेखित करावासा वाटतो. श्यामला पोहायला लावण्यासाठी शिंपटी लागते, आणि मोळी उचलल्यावर आंघोळ. तोमोएच्या तरणतलावात मुले कपड्यांविना उतरतात, कारण कोणाचेही शरीर लाजिरवाणे नाही हे त्यांना कळावे अशी कोबायाशींची इच्छा आहे. पोलिओ झालेला मुलगाही त्यांच्यात असतो. एकीकडे पाणी शौर्याची परीक्षा आणि विटाळाचे निवारण आहे, दुसरीकडे समतेचा अनुभव. त्यावरून एका संस्कृतीला दुसरीपेक्षा श्रेष्ठ ठरवण्याचे कारण नाही. तोमोए हा जपानातही अपवादच होता, आणि त्याच जपानच्या बहुसंख्य शाळा तेव्हा युद्धासाठी मुले घडवीत होत्या. मुद्दा एवढाच की देहाविषयीची घृणा अथवा स्वीकार मूल शब्दांनी शिकत नाही, मोठ्यांनी घालून दिलेल्या रिवाजांतून शिकते.

५

हा विचार बेंगळुरूत बसून करताना त्याला वेगळी धार येते. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास मिळालेल्या जहागिरीपासून या शहराशी मराठीचा संबंध आहे. आजच्या मराठी घरातील मूल घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत बहुधा इंग्रजी बोलते. भाषेचा प्रश्न येथे शांततेचा प्रश्न आहे, आणि तो पालकाच्या निवडीतून जातो. १९९४ च्या शासकीय आदेशाने कर्नाटकात चौथीपर्यंतचे शिक्षण मातृभाषेतून अथवा कन्नडमधून देण्याचे बंधन घातले गेले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे बंधन लादता येणार नाही असा निर्णय दिला. मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकारही त्या निर्णयाने पालकाकडेच ठेवला. मूल कोणत्या भाषेत जग पाहील, शेजाऱ्याची भाषा त्याला परकी वाटेल की आपली, याची गुरुकिल्ली अशा प्रकारे घराच्या हाती आली. हा अधिकार आहे, तशी जोखीमही आहे.

साने गुरुजींनी १९४९ च्या पुणे येथील साहित्य संमेलनात मांडलेली आंतरभारतीची कल्पना याच जोखमीला उद्देशून होती. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य आपल्या भाषेत आणावे, ही त्यांची अपेक्षा. त्याच काळात कर्नाटक-महाराष्ट्र सीमेचा प्रश्न आकार घेत होता. बेळगावचे मूल, कन्नड असो वा मराठी, हा वाद पाठ्यपुस्तकातून शिकत नाही. ते तो ओसरीवरच्या बोलण्यातून शिकते. शाळेतील शांततेचा तास अशा वेळी घरातील एका वाक्यापुढे निष्प्रभ ठरतो.

कुवेंपु यांनी हेच दुसऱ्या टोकाकडून सांगितले. प्रत्येक मूल विश्वमानव म्हणून जन्मते आणि मग जात, मत, भाषा, प्रांत यांची बंधने त्याला अल्पमानव करतात, त्याला पुन्हा विश्वमानव करणे हे शिक्षणाचे काम, असा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. या विचारात ही बंधने घालणाऱ्यांत घर पहिले येते. साने गुरुजींच्या विचारात घर मुलाला रुंदावते, कुवेंपुंच्या विचारात ते त्याला आकुंचित करते. वरवर हे परस्परविरोधी दिसते. पण मोळीचा प्रसंग आठवला की दोघे एकाच उंबरठ्यावर उभे आहेत हे ध्यानात येते : जी आई मुलाला मोळी उचलायला पाठवते, तीच त्याला आंघोळ करायला सांगते. रुंदावणे आणि आकुंचन एकाच घरात, एकाच प्रेमाने घडते.

६

तीन कृतींचे वाचन ज्या निष्कर्षाकडे नेते तो असा. पालकाचा सहभाग म्हणजे शाळेच्या कार्यक्रमास उपस्थिती, ही कल्पना अपुरी आहे. 'श्यामची आई' दाखवते की घरातील पाठ मुलाने ओलांडावा यासाठीच तो मोलाचा असतो. 'दिवास्वप्न' दाखवते की भयमुक्त वर्ग घराच्या भीतीशी बोलल्याशिवाय टिकत नाही, आणि त्या बोलण्यात घराचा आवाज ऐकला गेला नाही तर ते एकतर्फी राहते. 'उपरा' दाखवते की काही पालकांसाठी शाळा हीच जखमेची जागा आहे. आणि 'तोत्तोचान' दाखवते की घर व शाळा यांनी एकमेकांवर विश्वास टाकला तर डबा, मौन आणि नकार यांतूनही शांतता शिकवता येते.

मात्र तोमोए जळाली हे विसरता येत नाही. मुलांना इतक्या ममतेने वाढवणारी शाळा तिच्याच देशाने आरंभलेल्या युद्धाच्या आगीत गेली. शांततेचे शिक्षण युद्ध थांबवते असा दावा या पुस्तकात नाही. ज्वाळांकडे पाहत कोबायाशी पुढची शाळा कशी असावी असे आपल्या मुलाला विचारतात, एवढेच ते नोंदवते. कोबायाशी हा प्रश्न विचारतात तेव्हा ते शिक्षक असतात आणि बापही. शांततेच्या शिक्षणात पालकाचे स्थान शोधणाऱ्या धोरणकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी आपला विचार या दुहेरी भूमिकेपासून सुरू करावा : शिक्षकाने आपल्यातला पालक ओळखावा, पालकाने आपल्यातला शिक्षक, आणि दोघांनीही आपल्या हातातली शिंपटी.